पिठाच्या डब्याखालची उत्तरं

सोमवार, ४ ऑगस्ट. पहाटे ५.००

उठले. खरं म्हणजे पाच चाळीसला, पण प्रार्थना अंथरुणातच सुरू केली होती, ती धरली तर पाचच.

ही वही फक्त माझी. मागच्या वर्षीच्या दुधाच्या वहीत बरीच पानं कोरी होती, नवीन आणायचं कारण नाही.

आजपासून घरात शाळा. मोठी बारा वर्षांची, धाकटी आठ. टाइमटेबल भिंतीवर लावलं आहे. पाचला प्रार्थना, साडेपाचला बायबलमधलं शास्त्रवाचन, सहाला व्यायाम (झाडू-पोछा), सातला नाश्ता, नऊच्या ठोक्याला गणित. मग भाषा, मग गृहविज्ञान, म्हणजे कणीक. दुपारी भूगोल. संध्याकाळी स्तोत्र. सगळं देवाच्या नावाने आणि मिनिटावर.

यांची अट ठरली आहे. चार महिने मुदत. २६ नोव्हेंबरला शिक्षणखात्याच्या तपासनीसबाई घरी येऊन मुलींची परीक्षा घेणार. पास झाल्या तर दोघी घरी शिकणार. नापास झाल्या तर दोघी शाळेत, जाऊबाईंच्या मुलांबरोबर, त्याच पिवळ्या बसने. मी यांना सांगितलं, चार महिन्यांनी तुम्ही तोंडात बोट घालाल. हे म्हणाले, बघू. यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. काटा स्थिर झाल्याशिवाय हे कशावरच मत देत नाहीत.

सोमवार, ४ ऑगस्ट. दुपारी

नऊचं गणित सव्वाअकराला सुरू झालं. कारण दूध उतू गेलं, मग शेगडी, मग ओटा. आता ओटा घासायला काढलाच आहे तर खिडकीही घेतली. हे सगळं गृहविज्ञानात धरलं आहे. म्हणजे आपण टाइमटेबलच्या मागे नसून पुढे आहोत.

मंगळवार, ५ ऑगस्ट

माझ्या एका कामाबद्दल लिहायलाच हवं. जाऊबाईंनी मुलांच्या पुस्तकांवर या वर्षी जेवढा खर्च केला तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. मी रद्दीवाल्याकडून अंकगणिताची दोन पुस्तकं वजनावर घेतली. एकाची शेवटची पानं गेलेली, उत्तरांसकट. दुसऱ्याचा पुढचा भाग भिजून लगदा झालेला, पण उत्तरांची पानं कोरी करकरीत. मी एकाचा पुढा आणि दुसऱ्याची शेपूट घेतली, गोधडीच्या दोऱ्याने शिवली, खळ लावून वर रात्रभर पाटा ठेवला. दोन फाटक्यांचं एक धड. हात फिरवला तर शिवण कळतसुद्धा नाही.

शेपटाचा शेवटचा भाग, म्हणजे उत्तरांची पानं, मुद्दाम सुटी ठेवली. ती पिठाच्या डब्याखाली. मुली सोडवतील, मी तपासीन. मी मॅट्रिक आहे, उत्तरं मला तोंडी येतात, पण छापील पान हाताशी असलेलं बरं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मोठीची दहापैकी दहा उदाहरणं चूक. दहापैकी दहा! धाकटीची पाचपैकी पाच. जाऊबाईंना कळलं तर संपलंच.

मोठी म्हणाली, आई, मागचं उत्तरच चुकलंय. मी तिला जवळ बसवलं आणि शांतपणे सांगितलं, बाळा, छापलेलं चुकत नाही. छापणारी माणसं चार वेळा तपासतात. आपलं चुकलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं हा गर्व, आणि गर्वाचं काय होतं ते आपण रोज सकाळी वाचतो.

मग तिने एक उदाहरण पुढे केलं. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, पाव हिस्सा गैरहजर, तर हजर किती? ती म्हणते छत्तीस. उत्तराच्या पानावर साडेबारा. साडेबारा मुलं कशी असतील, असं विचारते. मी म्हटलं, एक मूल अर्ध्या सुट्टीत घरी गेलं असेल. प्रश्न नीट वाचावा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

दोन नळांनी हौद किती तासांत भरेल? मोठीचं उत्तर सहा. पुस्तकाचं शून्य. मी म्हटलं, हौद आधीच भरलेला होता.

धाकटी म्हणाली, मग नळ कशाला सोडले, पाणी वाया नाही का जाणार? काटकसरीचा संस्कार रुजतो आहे. प्रभूची कृपा.

संकल्प: सोमवारपासून प्रत्येक उदाहरण आधी मी स्वतः सोडवणार.

सोमवार, ११ ऑगस्ट

चादरी धुवायच्या होत्या. पुढच्या सोमवारपासून.

शनिवार, १६ ऑगस्ट

मुलींचं गणित यांच्या कानावर घातलं. म्हटलं, पोरींचं डोकं चालत नाही की लक्ष नाही, काहीच कळत नाही, सगळी उत्तरं चूक. हे जेवत होते. घास संपवून म्हणाले, गिऱ्हाईक माल कमी भरल्याची तक्रार घेऊन आलं की आम्ही माल नाही बघत, आधी काटा तपासतो.

यांना प्रत्येक गोष्टीत दुकान दिसतं. आपण मुलींच्या भवितव्याबद्दल बोलतो, आणि यांचा काटा.

मंगळवार, १९ ऑगस्ट

किराणावाल्याने आज साडेतीन किलो पीठ, पाव किलो साखर आणि दोन साबण यांची बेरीज चुकवली. मी दारातच तोंडी करून दाखवली, त्याने यंत्रावर दोनदा केली, माझीच बरोबर निघाली. तो म्हणाला, ताई, तुम्ही गल्ल्यावर बसा. पण हे व्यवहाराचं गणित. शाळेचं वेगळं असतं. ते पुस्तकातून यावं लागतं.

सोमवार, १ सप्टेंबर

आज एक सुंदर गोष्ट घडली. मोठीची दहापैकी दहा बरोबर.

कोणतीही शिकवणी नाही, ट्यूशन नाही. फक्त रोजची प्रार्थना आणि माझी शिस्त. विचारलं, कसं जमलं गं? म्हणाली, आई, तू म्हणालीस तसं केलं. माझे डोळे भरून आले. पोरीने गर्व सोडला.

उत्तरांच्या पानांवर पिठाची बोटं उमटली आहेत. माझीच असणार. तपासताना हात पुसत जावेत.

बुधवार, ३ सप्टेंबर

धाकटीचीही पाचपैकी पाच. शाळेत घातलं असतं तर हे झालं असतं का? जाऊबाईंच्या धाकट्याला गणितात नऊ मिळाले. पंचवीसपैकी. मी काही बोलले नाही. फक्त धाकटीची वही टेबलावर उघडी राहिली होती, आणि जाऊबाई नेमक्या त्याच खुर्चीत बसल्या.

जाऊबाई वही बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, अठरा भागिले तीन सत्तावीस? मी म्हटलं, नव्या पद्धतीचं गणित आहे. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी सहा यायचे. मी म्हटलं, काळ बदलला, वहिनी.

हेवा माणसाला आंधळं करतो. त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

बुधवार, १० सप्टेंबर

एक तक्रार. दोघी कपडे वाळत घालायला गच्चीवर जातात त्या पाऊण तास येत नाहीत. दोन दोऱ्या आणि बादलीभर कपडे, त्याला पाऊण तास? वर जाऊन पाहिलं तर चादरींच्या मागे पाण्याच्या टाकीवर खडूने रेघोट्याच रेघोट्या. अपूर्णांक, आडव्या रेषा, बाण, एक हसरा चेहरा. धाकटीचे उद्योग. ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. मोठी म्हणाली, आई, अगं, आत्ताच समजत होतं तिला. मी म्हटलं, टाकी स्वच्छ ठेवणं हेसुद्धा शिक्षण आहे.

खडू कुठून आला? वह्याही मोजल्या. बारा आणल्या होत्या, अकरा दिसतात. जाऊबाईंवर संशय घेणं पाप आहे. तरी पण अकराच आहेत.

रविवार, २८ सप्टेंबर

चर्चमधल्या उपासनेनंतर महिला मंडळात माझं भाषण झालं. विषय, ‘घर हीच शाळा’. पाळकबाईंनी स्वतः आग्रह केला होता. (मी त्यांच्या घरी चार वेळा तो विषय सुचवला होता, पण आग्रह त्यांचाच.) अठरा बायका होत्या, तीन झोपल्या. त्या थकलेल्या असतात.

शेवटी प्रात्यक्षिक म्हणून धाकटीला उभं केलं. विचारलं, सांग बाळा, चोवीस पेनं सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला किती? ती माझ्याकडे बघून म्हणाली, खरं उत्तर सांगू की आईचं?

सगळ्या बायका हसल्या. पाळकबाईंनी तर डोळे पुसले. पोर गर्दीला बुजली, काहीतरी बोलून गेली. मी लगेच स्तोत्र सुरू केलं.

घरी येताना मोठीने धाकटीला जिन्यात चिमटा काढला. का ते विचारलं तर दोघी म्हणाल्या, काही नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पहाटे ५ ला उठण्याचा संकल्प पहाटे ६ ला उठण्यावर आणला आहे. देव सहा वाजताही ऐकतो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

टाइमटेबल नव्याने लिहिलं. जुनं चुकीचं नव्हतं, त्यावर आमटीसारखं काहीतरी सांडलं होतं. भूगोल आता धूळ पुसण्याबरोबर. पृथ्वीचा गोल पुसता पुसता देश पाठ होतात. धाकटीने समुद्र एवढे घासले की रंग गेला. आता सगळीकडे जमीन आहे.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज घर शांत होतं. दोघी यांच्याबरोबर दुकानात गेल्या होत्या, सहल म्हणून. मी डबे घासले, कपाट लावलं, तरी अकराच वाजले. मागच्या वर्षी दोघी शाळेत जायच्या तेव्हा हे असंच असायचं. बस वळली की घरात घड्याळ ऐकू यायचं. एकदा तर मी वाटीत चमचा वाजवत बसले होते, आवाज व्हावा म्हणून.

मुलींना घरी शिकवण्याचं कारण संस्कार, हे मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे. दुसरं कारण लिहायची गरज नाही.

तिघं परत आली. मोठीने दुकानात वजनांची पेटी बघितली म्हणे. पितळी, एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. हे तिला सांगत होते की काटा कितीही चकचकीत असला तरी तो आपण होऊन खरं बोलत नाही, त्याला खऱ्या वजनाशी गाठ घालून द्यावी लागते. मोठीने विचारलं म्हणे, आणि काट्याला वाईट वाटलं तर? हे म्हणाले, हळूच करायचं.

बापलेकींच्या गप्पा. मला काही कळत नाही त्यातलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नऊ दिवस उरले. दोघींची सगळी उत्तरं बरोबर. सरसकट. मी निर्धास्त आहे. फक्त कालपासून भाजीत मीठ दोनदा पडतंय.

जाऊबाई येऊन सांगून गेल्या की बसमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत, ड्रायव्हरला त्यांनी धरून ठेवायला सांगितल्या आहेत. मायेने म्हणाल्या असतील. मी मायेनेच त्यांना चहाला बसा म्हटलं नाही.

संकल्प: उद्यापासून उदाहरणं स्वतः सोडवून बघणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पडदे धुतले. तपासनीसबाई येणार, पडदे महत्त्वाचे.

बुधवार, २६ नोव्हेंबर. सकाळी ६.३०

परीक्षा अकराला. मुलींची प्रार्थना मोठ्याने, माझी मनात. मागितलं एवढंच की दोन्ही रिकाम्या जागा रिकाम्याच राहू देत.

बुधवार, २६ नोव्हेंबर. दुपारी

जमेल तसं लिहिते.

तपासनीसबाई आल्या. मध्यम वयाच्या, सुती साडी, पायात बूट. पडद्यांकडे बघितलंसुद्धा नाही. भाषेचं वाचन झालं, छान. भूगोल झाला, धाकटीने समुद्र कुठे होते ते आठवून सांगितलं. शास्त्रातले उतारे तर दोघींनी असे म्हटले की बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग गणित. बाईंनी आमच्या पुस्तकातलंच एक उदाहरण काढलं आणि मोठीला म्हणाल्या, हे सोडव. मोठीने विचारलं, कुठल्या वहीत?

बाई म्हणाल्या, म्हणजे?

मोठीने माझ्याकडे बघितलं. मग उठली, पलंगाखालच्या चादरींच्या पेटीतून एक वही काढून आणली. बारावी वही. जाऊबाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तपासनीसबाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एक मी तपासलेली, पानापानावर माझी लाल बरोबरची खूण. दुसरीत तीच उदाहरणं, पण उत्तरं निराळी, पायऱ्या मांडलेल्या, धाकटीच्या अक्षरात तिचीसुद्धा. बाईंनी आळीपाळीने बघितलं. मग पुस्तक उचललं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोणी बांधलं?

मी म्हटलं, मीच. गोधडीच्या दोऱ्याने. दोन पुस्तकांचं एक केलं, एका पैशाचा नवा खर्च नाही. माझा ऊर भरून आला होता. एवढ्या मोठ्या बाईंनी माझ्या शिवणीची दखल घेतली ती पहिल्यांदाच.

बाईंनी उत्तरांची पानं मागितली. मी स्वयंपाकघरातून पिठासकट आणली. त्यांनी ती शेजारी ठेवून पुस्तक बरोबर शिवणीपाशी माझ्यासमोर उघडलं. पान शहाण्णव, आणि त्यानंतर एकशे एकेचाळीस. त्या म्हणाल्या, बाई, प्रश्न पाचवीचे आहेत आणि उत्तरं सातवीची.

मी ते आकडे बघितले. शहाण्णव, मग एकशे एकेचाळीस. मी किराणावाल्याची बेरीज दारात उभ्याने पकडते. त्याच क्षणी डोक्यात आपोआप आलं, अठ्ठेचाळीसचा पाव बारा, बारा वजा, राहिले छत्तीस. दूधवाल्याच्या हिशोबाने मी हे झोपेत केलं असतं. साडेबारा मुलं. आणि मी त्यातल्या अर्ध्या मुलाला सुट्टी दिली.

खाली जमीन होती तशीच राहिली, दुभंगली वगैरे नाही. चहा मात्र उतू गेला.

तपासनीसबाईंनी मोठीला विचारलं, तू आईला सांगितलं नाहीस?

“सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. आई म्हणाली छापलेलं चुकत नाही.”

“मग?”

मोठी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. उत्तर धाकटीने दिलं.

“मग आम्ही ठरवलं, आईला पास करायचं. ती नापास झाली असती तर आम्हाला बसने जावं लागलं असतं ना. ताई कणीक मळताना उत्तरं बघायची, एका वहीत ती लिहायचो. खरी दुसऱ्या वहीत. मला ताई टाकीवर शिकवते.”

मी पुसलेली टाकी.

बाईंनी बराच वेळ खिडकीकडे तोंड केलं होतं. खांदे हलत होते. वळल्या तेव्हा चेहरा सरळ होता. मुलींना त्यांनी नवीन दहा उदाहरणं घातली, स्वतःच्या कागदावरची. मोठीची नऊ बरोबर, धाकटीची आठ. अहवालात लिहिलं: मुली उत्तीर्ण, घरी शिकण्यास हरकत नाही. खाली आणखी एक ओळ: चार महिन्यांनी पुन्हा भेट. शिक्षिकेच्या गणिताकडे लक्ष द्यावे.

बुधवार, २६ नोव्हेंबर. संध्याकाळी

यांना सगळं सांगितलं. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, मोठी दुकानात आली होती तेव्हा कळलं. मग बोलला का नाहीत? म्हणाले, पोरी हळूच करत होत्या, मध्ये कशाला हात घालू.

मी मुलींना जवळ घेतलं. माफी मागितली. आईने मुलींची माफी मागायची हे कुठल्याच टाइमटेबलात नसतं, पण मागितली. मोठी म्हणाली, तू रोज आमच्यासोबत असतेस तेच बरंय. धाकटी म्हणाली, आता टाकीवर लिहू ना?

लिहा म्हटलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

जाऊबाई आल्या. निकाल सांगितला. म्हणाल्या, वा, म्हणजे नव्या पद्धतीने पास झाल्या. मी हो म्हटलं. मग राहवेना, खरं काय ते सगळं सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की खुर्चीचा हात धरावा लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या की त्यांच्या धाकट्याचे ते नऊ मार्क, त्याचा अभ्यास त्यांनी स्वतः घेतला होता.

चहा दोन कप झाला. बसमधल्या जागा सोडायला त्या ड्रायव्हरला आज सांगणार आहेत.

यांनी दुकानातून येताना अंकगणिताचं नवंकोरं पुस्तक आणलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. दुरुस्त झालेल्या काट्यावर मारतात तो ‘तपासले’ शिक्का त्याच्या आतल्या पानावर मारला आहे. किंमत विचारली नाही. (मागे छापलेली असते. बघितली. बसावं लागलं.)

सोमवार, १ डिसेंबर. पहाटे ६.००

नवीन टाइमटेबल मोठीने लिहिलं. भिंतीवर लावलं. नऊ ते साडेनऊ, आईचं गणित. शिक्षिका, ताई. तपासणार, धाकटी. नव्या पुस्तकाची उत्तरांची पानंही मोठीने सुटी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली, माझ्याच पद्धतीने.

मला काही अडचण नाही. मॅट्रिकचं सगळं डोक्यात आहे, फक्त वर धूळ बसली आहे. आठवडाभरात मीच त्यांच्या पुढे जाईन.

सोमवार, १ डिसेंबर. दुपारी

दहापैकी चार. दोन उत्तरं बरोबर होती, पण धाकटीने पायऱ्या नाहीत म्हणून मार्क कापले. खाली लाल शाईत लिहिलं, प्रश्न नीट वाचावा. आणि ताऱ्याऐवजी हौद काढला, काठोकाठ भरलेला.

सहा उदाहरणं उद्यासाठी गृहपाठ. मी संध्याकाळी शांतपणे करणार होते. कणीक मळायला घेतली, सहज म्हणून पिठाचा डबा उचलून खाली पाहिलं.

मोठीने पानं हलवली आहेत.